अकरा वाजताचा पाहुणा

१

"आत्या, आजच्या आज तो बोगदा बंद कर. माझ्या घरात चोर येतोय, आणि तो चोर माझी सख्खी बहीण आहे."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, चहाचा पहिला घोटही घशाखाली उतरलेला नसताना फोनवर असं वाक्य ऐकलं तर माणसाने काय करावं? मी आधी चहा संपवला. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडल्या आहेत मी. घाईत बोलणाऱ्याचं ऐकून घाईत लाइन तोडायची नाही, हे तिथलं पहिलं शिक्षण. मग चपला पायात सरकवल्या आणि दोन गल्ल्या पलीकडे थोरलीच्या घरी गेले.

थोरली आणि धाकटी या माझ्या दादाच्या मुली. थोरलीचं काम असं की पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. धाकटी चित्रकार. ती दोन तासांच्या बसवर, दुसऱ्या गावात राहते. दोघी मिळून दोन वर्षं एक चित्रसंच तयार करत होत्या. रोजच्या वस्तूंची सहाशे चित्रं, खाली एक अक्षरही नाही. पेशंटने चित्र बघायचं आणि शब्द म्हणायचा. सोमवारी संच छापायला जायचा होता.

आणि बोगदा माझा. निवृत्त झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात, मी कॉम्प्युटरला लागले. दोघींच्या घरच्या कॉम्प्युटरांमध्ये मी व्हीपीएन घालून दिलं होतं. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या भर रस्त्याखालून काढलेली खासगी वाट. वरून जाणाऱ्या-येणाऱ्याला ती दिसत नाही. सगळी चित्रं थोरलीच्या कॉम्प्युटरवर, तो दिवसरात्र चालू. धाकटी आपल्या घरी बसून स्क्रीनवर चित्र काढायची आणि या वाटेने थेट थोरलीच्या फोल्डरमध्ये ठेवायची. दार उघडायला एक गुप्त किल्ली, म्हणजे चव्वेचाळीस अक्षरांची एक वेडीवाकडी ओळ. थोरलीचा कॉम्प्युटर चेहरा बघत नाही, आवाज ओळखत नाही. किल्ली जुळली की 'धाकटी आली' असं लिहून घेतो आणि दार उघडतो.

"मोज," थोरली म्हणाली आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली.

मी मोजली. पाचशे एकोणसाठ. एकेचाळीस चित्रं गायब होती.

"रात्रीची दुसरी प्रत असते ना?" मी विचारलं.

"तिच्यातूनही गेली. तूच तशी सोय केलीस. इथलं पुसलं की तिथलंही पुसायचं."

खरं होतं. दोन्हीकडे नेहमी सारखंच राहावं म्हणून मीच ते शहाणपण केलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मी मुकाट्याने येण्याजाण्याची नोंद उघडली. गेले तीन आठवडे, रविवार सोडून रोज, सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान पाहुणा येत होता. किल्ली धाकटीची, इंटरनेट धाकटीच्या घरचं. यायचं, एक-दोन चित्रं उचलायची आणि जायचं. अलीकडे चार-पाच.

"पटलं?" थोरलीचा आवाज चिरकला. "मागच्या महिन्यात फोनवर ओरडली होती, 'काढून टाक माझी चित्रं!' आता तीच काढून नेतेय, एकेक करून."

मी शेवटची ओळ वाचली. पुन्हा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"काल गुरुवारी अकरा वीसला सहा चित्रं गेलीत," मी म्हटलं. "काल अकरा वीसला आपण कुठे होतो गं?"

"छापखान्यात. रंग तपासायला."

"आणि धाकटी?"

काल अकरा वीसला धाकटी इथे, याच गावात, छापखान्याच्या बाकावर आम्हा दोघींच्या मध्ये बसली होती.

२

"मग तिचा नवरा," थोरली म्हणाली. "ती इथे आली आणि तो तिच्या कॉम्प्युटरवर बसला. तसाही त्याला हा संच डोळ्यांत खुपतोच."

माणसाला एकदा चोर हवा झाला की कुणीही चालतो. मी तिला दटावणार होते, पण तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसली. ती काही दुष्ट नाही. कडक आहे. चित्रातली किटली तिने पाच वेळा परत पाठवली होती. 'आजारी माणसाला ती एका नजरेत किटली वाटली पाहिजे, हत्ती नाही,' असं कळवून. पाचव्या वेळी धाकटीचा बांध फुटला आणि त्या फोनवरच्या आरडाओरड्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं. कालही छापखान्यात मी सोबत नसते तर त्या कागदाच्या जाडीखेरीज कशावरही बोलल्या नसत्या.

"तुझ्या बाबांचं कसं आहे?" मी विषय बदलला.

"तसंच," ती म्हणाली. "आता काही व्हायचं नाही, आत्या. मी सोडून दिलंय."

दादाला अडीच वर्षांपूर्वी झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पार गेलं. थोरलीने सगळी कामं बाजूला ठेवून चार महिने त्याला रोज शिकवलं. शंभरेक पेशंटना बोलतं करणारी बाई, पण बापाच्या तोंडून एक शब्द निघेना. शेवटी शेवटी ती दिसली की दादा भिंतीकडे तोंड फिरवायचा. मग धाकटी त्याला आपल्या घरी घेऊन गेली. हा संच थोरलीने कुणासाठी काढायला घेतला, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

"बोगदा बंद कर," ती पुन्हा म्हणाली. "आणि उरलेल्यांत भागवून मी छापते. यापुढे तिचं काम तिच्याकडे, माझं माझ्याकडे."

बंद करायला मला मिनिटभर पुरलं असतं. पण त्या दोन घरांमध्ये आता तेवढीच एक लाइन चालू होती. ती तुटली असती तर दिवाळखोरीत निघालेल्या भागीदारांसारख्या या दोघी एकमेकींना फक्त लग्नकार्यात भेटल्या असत्या, आणि दादाने ते सगळं खोलीत पडल्यापडल्या न बोलता बघितलं असतं.

"रविवार संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हटलं. "एक सांग, काल धाकटीच्या पायाशी ती जाड पट्ट्यांची बॅग होती, तिच्यात काय होतं?"

"लॅपटॉप. त्यावरच तर रंग दाखवत होती. मग मिटून ठेवला."

"म्हणजे चित्रं काढायला ती जो कॉम्प्युटर वापरते तोच?"

"तोच. गेल्या महिन्यात नवा घेतलाय. का?"

मी पर्स उचलली. एकटी धाकटी छापखान्यात असती तर घरच्या कुणावर तरी संशय घेता आला असता. पण तिचा कॉम्प्युटरसुद्धा काल तिच्या पायाशी मिटून पडला होता. मग धाकटीच्या घरातून, धाकटीची किल्ली लावून, आत आलं कोण?

३

धाकटीच्या घरी पोचायला साडेबारा वाजले. तिचं घर म्हणजे अर्धा कारखाना. पुढच्या खोलीत तिचा नवरा, आमचा जावई, कवळ्या बनवतो, दातांचे डॉक्टर त्याला साचे पाठवतात. दिवसभर त्याचं घासायचं यंत्र घरघरत असतं आणि टेबलावर दात विचकलेले जबडे वाळत पडलेले असतात. नवा माणूस पहिल्या भेटीत दचकतो. मी आता त्यांना नमस्कार करून आत जाते.

धाकटीने सगळं ऐकलं आणि हातातली पेन्सिल टेबलावर आपटली.

"ताईने मला चोर म्हटलं? माझीच चित्रं मी चोरीन?"

"तू रागात म्हणालीस ना, काढून टाक म्हणून?"

"रागात माणूस जीव देतो असंही म्हणतो, आत्या. देतो का?" तिचे डोळे भरून आले. "सहाशे चित्रं काढलीत मी. पोर झालं नाही, म्हणून लोक कीव करतात. हा संच म्हणजे मला... जाऊ दे. तुला नाही सांगता यायचं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रडू दिलं थोडं. मग विचारलं, "अकरा ते बारा तू काय करतेस?"

"काही नाही करता येत. तुझा बोगदा त्या तासात वेड लागल्यासारखा वागतो. जुळतो, तुटतो, परत जुळतो, परत तुटतो. बाराला आपोआप सुधारतो. मी तेवढा वेळ कागदावर रेखाटनं करते."

"कधीपासून?"

"तीनेक आठवडे. मला वाटलं, इंटरनेटवाल्यांचंच काहीतरी."

मी ते मनात टिपून ठेवलं आणि जावयाकडे वळले. तो तोंडावरचा मास्क खाली ओढून उभाच होता.

"आत्या, मला संच नको झालाय हे खरं आहे," तो म्हणाला. त्याचा स्वभाव असा, पोटात एक ओठात एक नाही. "ती रात्री झोपत नाही, जेवताना रडते. पण तिची दोन वर्षांची मेहनत मी पुसून टाकीन? लॅपटॉप मीच घेऊन दिला तिला. जुना कॉम्प्युटर कण्हत चालायचा. दुकानदाराला मुद्दाम सांगितलं, जुन्यात जे जे आहे ते जसंच्या तसं नव्यात उतरव, एक फोटो इकडचा तिकडे व्हायला नको."

राहता राहिल्या दादाला सांभाळायला येणाऱ्या मावशी. नऊ ते दोन त्या घरात असतात. संशय आपल्यावर आला म्हणताच त्यांनी पदर खोचला.

"त्या यंत्राला मी फडकंसुद्धा लावत नाही, बाई! शॉक बसला तर माझ्या पोरांना कोण बघणार? आणि अकरा वाजता मी खोलीत तरी कुठे असते? बाहेर बसते, भाजी निवडत."

"का? दादाला एकटं सोडता?"

"तेच हाकलतात मला. साडेदहाला आंघोळ, मग चहा. अकराला डावा हात हलवून हलवून बाहेर काढतात, दार लोटून घेतात. त्याआधी रेडिओ लावायला लावतात. तोही केवढ्यानं! कान किटतात. आजारी माणूस चिडचिडा होतो, मी काही मनावर घेत नाही."

दादा आधी असा नव्हता. मी त्याच्या खोलीत गेले. तो खिडकीजवळ बसला होता. मला बघून अर्ध्या ओठाने हसला, डाव्या हाताने माझा हात धरला. मी हवापाण्याचं बोलले, माझ्या गुडघ्याचं बोलले. मुलींच्या भांडणाचं एक अक्षर काढलं नाही. बोलता येत नाही अशा माणसाला आपण हळूहळू काही सांगायचंच बंद करतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलावर टॉवेलखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. मी तिकडे बघितलं, तशी त्याने माझा हात जरा जोराने दाबला आणि मला खिडकीबाहेरचं झाड दाखवलं.

मीही झाडच बघितलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या लाइनी ऐकल्या, पण सख्ख्या भावाचा इशारा कळला नाही.

४

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायच्या टेबलाभोवती बसलो. थोरलीने गायब चित्रांची यादी दिली होती, अकारविल्हे लावलेली. कंगवा, कपाट, कात्री, खिडकी... वाणसामानाच्या यादीसारखी. तिच्यावरून काही बोध होईना.

"किमती चित्रं आहेत का यातली?" जावयाने विचारलं.

"किमती?" धाकटी म्हणाली. "सगळ्यात वाईट आलेली पाल यात आहे. सगळ्यात छान आलेली सायकल तशीच आहे तिथे. चोराला चित्रांतलं काही कळत नाही."

एक्स्चेंजमध्ये लाइन कुठे बिघडली हे सापडेना, तर आम्ही तक्रारी गावांच्या नावाने लावायचं सोडून वेळेने लावायचो. मी येण्याजाण्याची नोंद पुढे ओढली आणि यादी पुन्हा लिहायला घेतली. जे चित्र आधी गेलं ते आधी. मग मोठ्याने वाचायला लागले.

"पहिला आठवडा. पाय. पान. माप. बूट. पाल. बस." मी पान उलटलं. "दुसरा आठवडा. दात, नळ, ताट, दार, नाक, तवा..."

जावई कवळी घासत बसला होता. त्याचा हात थांबला.

"आत्या, परत वाचा. पहिल्यापासून."

मी वाचलं. तो माझ्या कागदाकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तिसऱ्यात काय आहे?"

"कंगवा, कपाट, चमचा, कात्री. आणि काल खिडकी, टोपली, चादर..."

त्याने हातातली कवळी टेबलावर ठेवली.

"माणसाला नवी कवळी बसवली की पहिल्या दिवशी धड बोलता येत नाही," तो सावकाश म्हणाला. "डॉक्टर त्याला शब्द म्हणायला लावतात, मीही तिथे उभा असतो. आधी ओठ मिटून सुटणारे. पाय, माप, बूट. ते जमले की जीभ दाताला टेकणारे. दार, नळ. मग मागचे, लांबलचक. पहिल्या दिवशी 'चमचा' कुणी म्हणत नाही, फजिती होते." तो माझ्याकडे बघत राहिला. "हे कुणी चोरत नाहीये, आत्या. कुणीतरी बोलायला शिकतंय."

यंत्र बंद होतं, रेडिओ बंद होता. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत माझं उरलेलं कोडंही सुटलं.

"तो जुना कॉम्प्युटर," मी म्हटलं. "कण्हत चालणारा. भंगारात दिलात?"

"छे! चालू वस्तू भंगारात कशी द्यायची?" जावई म्हणाला. "बाबांच्या खोलीत ठेवला. जुने फोटो बघत बसतील म्हणून."

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा! वळसा मीच घातला होता आणि वर बसचं तिकीटही काढलं होतं. दुकानदाराने जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवलं, त्यात किल्लीही उतरली. किल्ली कुणाला देऊ नका, हे मी दोघींना दहादा बजावलं होतं. पण सगळाच कॉम्प्युटर उतरवून घेतला की किल्लीही दोन होतात, हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. एका नंबरचे दोन फोन झाले. जो नंतर बोलेल त्याची लाइन चालू, पहिला मुका. म्हणून रोज अकराला धाकटीचा लॅपटॉप तुटत-जुळत राहायचा. आणि जुना कॉम्प्युटर सुरू झाला की बोगदा आपोआप उघडावा, ही सोयही माझीच.

दादाला यातलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं. स्क्रीनवर एक फोल्डर दिसला, उघडला, आत चित्रं होती. त्या फोल्डरला 'ताईकडची चित्रं' असं नाव होतं, पण झटक्यानंतर त्याला अक्षरं ओळखू येत नाहीत. तो मूळचा टपाल खात्यातला सॉर्टर. छत्तीस वर्षं पत्ते वाचून पत्रं खणांत टाकली त्याने. टेबलावर राहिलेलं पत्र म्हणजे राहिलेलं काम, आणि खणात गेलं ते झालं. लहानपणी आमच्या अभ्यासाच्या वह्यांनाही तो हाच नियम लावायचा. जो शब्द त्याला नीट म्हणता आला, त्याचं चित्र त्याने फोल्डरमधून उचलून बाजूला लावलं होतं.

मी थोरलीला फोन केला. "उद्या अकराच्या आत इथे ये. चोर दाखवते," एवढंच सांगितलं. माझाही स्वभाव जायचा नाही.

शनिवारी ती पावणेअकराला आली. बहिणीकडे न बघता आत शिरली. मी तिच्या हातात नवी यादी ठेवली, तारखेने लावलेली. बाकी काही बोलले नाही. तिने उभ्याउभ्या पहिल्या तीन ओळी वाचल्या आणि भिंतीला टेकली. तिच्या धंद्यातली गोष्ट. जावयाला जे कळायला पाच मिनिटं लागली, ते तिला एका श्वासात कळलं.

"हा तर मी शिकवते तो क्रम आहे," ती पुटपुटली. "ओठांचे. मग दातांचे. हे मी फक्त..."

अकरा वाजले. खोलीत रेडिओ कडाडला, मावशी बाहेर आल्या आणि मागे दार लोटलं गेलं. आम्ही तिघी दाराशी जाऊन उभ्या राहिलो. आधी नुसती गाणीच ऐकू आली. मग गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत एक आवाज आला. खरखरीत, तुटका, पण दादाचा.

"गा... गाडी."

अडीच वर्षं मी तो आवाज ऐकला नव्हता. तो पुन्हा कधी ऐकायला मिळेल, ही आशाही सोडली होती.

थोरलीचा हात कडीकडे गेला. धाकटीने तो वरच्यावर धरला.

"नको ताई. त्यांना आपल्याला कळू द्यायचं असतं, तर रेडिओ लावला नसता."

"माझ्यापासून लपवायचं?" थोरली म्हणाली. "मी चार महिने... हे माझं कामच आहे गं!"

"म्हणूनच." धाकटी हळू आवाजात म्हणाली. "तू त्यांना शिकवायचीस आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचीस. तुझ्या घरची भिंत पातळ आहे, ताई. त्यांना सगळं ऐकू यायचं. त्यांच्या चुकीमुळे तुला रोज रडू यायचं. मग त्यांनी तोंडच मिटलं."

थोरलीने हात खाली घेतला. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

"मी तुला चोर म्हटलं," ती शेवटी म्हणाली.

"म्हटलंस."

"चुकलं माझं. फार चुकलं."

"किटली सहाव्यांदा परत पाठवणार नसशील, तर सोडून देते."

थोरली रडत होती आणि हसतही होती. तिने बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी दोघींकडे पाठ केली, कारण माझीही तीच गत झाली होती, आणि आत्याने असं भाच्यांसमोर दिसायचं नसतं.

पण आता करायचं काय? निघून जावं, तर चित्रं आत. आत शिरावं, तर त्याने तीन आठवडे जिवापाड जपलेलं फोडून टाकल्यासारखं. मी दादाची बहीण, म्हणून हा निर्णय माझ्याकडे आला. दुसऱ्याचं पत्र त्याला विचारल्याशिवाय उघडू नये, हे मला दादानेच शिकवलंय. मी दारावर टकटक केली.

रेडिओ बंद झाला.

"बाबा," थोरली म्हणाली. "मी आलेय. येऊ का आत?"

मग काठीचा आवाज, एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. दार त्यानेच उघडलं. आम्हा तिघींना बघून तो कानांपर्यंत लाल झाला आणि वळून टॉवेल उचलायला निघाला.

"झाकू नका," थोरली म्हणाली. "मी शिकवायला नाही आले. नुसती बसते. पुढचं चित्र कोणतं आहे?"

त्याने तिच्याकडे निरखून बघितलं. ती रडते की काय हे बघत असावा. मग तो खुर्चीत बसला. मी मागून स्क्रीनवर नजर टाकली. एकेचाळीसच्या एकेचाळीस आणि वर काल शुक्रवारी आलेली तीन, अशी सगळी चित्रं ओळींत लावलेली होती, ओठांची एका ओळीत, दातांची दुसऱ्या, लांबलचक तिसऱ्या, टपालाच्या खणांसारखी. शेवटची गाडी, आत्ताच आलेली. एकही चित्र बिघडलं नव्हतं. दोन मिनिटांत मी ती परत धाडू शकले असते आणि सोमवारी छापखान्याला सहाशेच्या सहाशे मिळाली असती. दादाच्या कॉम्प्युटरला त्याची स्वतःची किल्ली करून द्यायची आणि नोंदीत त्याचं स्वतःचं नाव घालायचं, हेही मी तेव्हाच ठरवून टाकलं.

त्याने डाव्या हाताने पुढचं चित्र उघडलं. छत्री.

"छ..." दादा म्हणाला. मान ताठ झाली, कपाळावरची शीर फुगली. "छ... छ..."

थोरलीचे ओठ आपोआप हलायला लागले, शब्द सुचवायची तिची सवय. तिने तळहाताने आपलं तोंड घट्ट दाबून धरलं. खोलीत कुणी कुणाला मदत केली नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

"छ... ती," दादा म्हणाला. "छती."

"आलं!" थोरली ओरडलीच. "चालेल बाबा, अगदी चालेल! मला कळलं ना! लावा बाजूला, झालं ते!"

दादाने चित्राकडे बघितलं. मग तिच्याकडे. मान हलवली, आणि मान हलवणं पुरेसं वाटलं नाही म्हणून तोंड उघडलं.

"नाही."

स्पष्ट. एका दमात. पूर्वी पोस्टात चुकीच्या पत्त्याचं पाकीट परत करताना म्हणायचा, तसं.

सहाशे चित्रांमध्ये 'नाही'चं चित्र नाही. ते काढता येत नाही. हा शब्द त्याला कुणी दाखवला नव्हता, त्याने सरावलाही नव्हता. लेकीला सांगायचं होतं म्हणून तो शब्द आला होता.

"आता कळलं," दाराशी उभी असलेली धाकटी नाक पुसत म्हणाली, "किटली पाच वेळा परत करणारी बाई कुणावर गेलीय ते."

थोरलीने पदराने तोंड पुसलं आणि स्टूल ओढून बापाच्या शेजारी बसली.

"बरं बाबा," ती म्हणाली. "मग परत म्हणा."